गाण्यानंतरचे दृश्य

जुळे सोलापुरातील एका मंगल कार्यालयात काही वर्षांपूर्वी एका परिचितांच्या मुलाच्या लग्नाचा स्वागतसमारंभ होता. दुपारी मिस्सा होऊन विवाहविधी पार पडला होता, संध्याकाळी फादर येऊन जोडप्याला आशीर्वाद देऊन गेले होते, आणि जेवणे चालू असतानाच ध्वनिक्षेपकावर ‘झिंगाट’ लागले. त्यानंतर जे झाले ते महाराष्ट्रातील कोणत्याही लग्नात होते. वधूचे मामा उठले, वराच्या मावश्या उठल्या, शाळकरी मुलांनी खुर्च्या बाजूला सारून जागा केली. माझ्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांच्या कन्येने स्वतःच्या पसंतीने लग्न केले म्हणून गेली कित्येक वर्षे तिच्याशी त्यांचे बोलणे नाही. मुलगा ख्रिस्तीच, पण ‘आपल्यातला’ नव्हे. आपल्यातही हा शब्द कोणत्या अर्थाने वापरला जातो, हे वाचकांना निराळे सांगण्याचे कारण नाही. ते गृहस्थही टेबलावर बोटांनी ठेका धरून होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर निर्भेळ आनंद होता.

त्यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. पायाने ठेका मीही धरला होता. पण घरी परतताना एक प्रश्न मनात राहिला आणि तो चित्रपटाच्या समीक्षेचा प्रश्न आहे असे मला वाटते. ज्या कथेतून हे गाणे आले, ती कथा नेमकी त्या गृहस्थांच्या घरातली आहे. मग गाणे त्यांच्यापर्यंत पोहोचले आणि कथा वाटेत कोठे राहिली? गाण्याचे चित्र गोष्ट सांगते म्हणजे नेमके काय करते, आणि त्याच गाण्यातून गोष्ट गळून कशी पडते, हे थोडे तपासून पाहावे म्हणून हा लेख.

म्युझिक व्हिडिओ हा प्रकार पाश्चात्त्यांकडून आला असे आपण सहज म्हणून जातो. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एम टीव्ही ही वाहिनी सुरू झाली, आणि दोन वर्षांनी मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ने गाण्याच्या चित्रफितीला लघुचित्रपटाची प्रतिष्ठा दिली. जॉन लँडिस हा चित्रपटाचाच दिग्दर्शक; त्याने सुमारे चौदा मिनिटांच्या त्या फितीत गोष्टीच्या आत गोष्ट ठेवली, संवाद ठेवले, भयपटाची प्रकाशयोजना ठेवली, आणि शेवटी नायकाला वळून थेट कॅमेऱ्याकडे पाहायला लावले. हे सगळे खरे. परंतु आपल्याकडे गाणे आणि चित्र यांचे लग्न त्याच्या पन्नास वर्षे आधी लागलेले होते. आपल्याकडे नवे झाले ते घटस्फोट म्हणता येईल असे काहीतरी. दूरदर्शनवर ‘छायागीत’ आणि ‘चित्रहार’ सुरू झाले, आणि चित्रपटातून सुटी केलेली गाणी एकापाठोपाठ एक घराघरांत दिसू लागली. कोण कोणासाठी रडते आहे, हा डोंगर कोणता, या मुलीच्या कपाळावर जखम का आहे, हे ठाऊक नसताना आपण ती पाहत असू. शेजारच्यांच्या घरी दाटीवाटीने बसून पाहिलेल्या त्या अर्ध्या तासाने एका पिढीला गोष्टीवाचून गाणे पाहण्याची सवय लावली.

स्वतंत्रपणे रचलेले गीतचित्र कसे असते, याचा आपल्याकडील उत्तम नमुना १९८८ च्या स्वातंत्र्यदिनी दूरदर्शनवर आला. ‘मिले सूर मेरा तुम्हारा’ पीयूष पांडे यांनी लिहिले, स्वररचनेत आपले अशोक पत्की यांचा आणि वाद्यमेळात लुई बँक्स यांचा हात होता, आणि चित्रीकरण कैलाश सुरेंद्रनाथ यांचे होते. त्यात कथानक म्हणाल तर काहीच नाही. पंडित भीमसेन जोशी धबधब्यापाशी गातात आणि तोच भाव भाषेगणिक पुढे सरकतो. पण संकलनाने त्यात गोष्ट आणली आहे. एका प्रांतातील दृश्य संपते तेथून दुसऱ्या प्रांतातील दृश्य असे उचलले जाते, की मध्ये काही शे कोस अंतर आहे हे डोळ्याला जाणवतच नाही. दोन तुकडे शेजारी ठेवले की पाहणारा त्यांच्यामधले नाते स्वतः जोडतो. रशियातील कुलेशोव्ह याने १९२० च्या सुमारास हेच प्रयोगांनी दाखवले होते. तोच चेहरा एकदा वाटीभर रश्शाशेजारी ठेवला तर भुकेला वाटतो, शवपेटीशेजारी ठेवला तर दुःखी. चेहरा बदललेला नसतो.

याची दुसरी बाजूही आहे. शेजार बदलला की अर्थ बदलतो, आणि शेजार काढून घेतला तर अर्थ हरवू शकतो. १९९१ साली जालंधरमध्ये जन्मलेल्या तरसेम सिंग यांनी अमेरिकेतील आर. ई. एम. या वाद्यवृंदासाठी ‘लूझिंग माय रिलिजन’ची चित्रफीत केली. तिच्यात काराव्हाज्जोच्या चित्रांतील एकाच बाजूने पडणारा उजेड आहे, पंख असलेला वृद्ध आहे, बाणांनी विद्ध संत सेबास्तियन आहे. त्या गीताच्या शीर्षकाचा धर्मत्यागाशी संबंध नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडे संयम सुटण्याला तसे म्हणतात. फीत देखणी आहे, तिची रंगसंगती मला आजही मोह घालते. पण ज्या घरात सेबास्तियनचे चित्र भिंतीवर आहे, त्या घरातल्या माणसाला ते बाण का, हे माहीत असते. फितीतल्या सेबास्तियनला ते ‘का’ उरलेले नाही. त्याचे सौंदर्य शिल्लक आहे, साक्ष गेली आहे. यात कोणाचा अवमान झाला असे मला म्हणायचे नाही. प्रतिमा गोष्टीतून उचलली म्हणजे तिचे काय होते, एवढेच दाखवायचे आहे.

मराठी चित्रपटाने ही जाण फार लवकर दाखवली होती. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यातील सालोमालो तुकोबांचे अभंग आपले म्हणून गातो. शब्द तेच. पण विष्णुपंत पागनीस गातात तेव्हा कॅमेरा स्थिर आहे, चेहरा शांत आहे, आजूबाजूचे संसाराचे काम चालू आहे. आणि सालोमालो गातो तेव्हा हावभाव आहेत, मुरके आहेत, पुढ्यात बसलेल्यांच्या वाहवेवर डोळा आहे. अभंगाची चोरी म्हणजे काय हे दिग्दर्शकांनी एकाही वाक्याने सांगितले नसते तरी चित्रातून कळले असते. गाण्याचे चित्रीकरण हे गाण्यावरचे भाष्य असू शकते, याचा याहून सोपा धडा मला ठाऊक नाही.

आता आमच्या जिल्ह्याकडे येतो. नागराज मंजुळे हे करमाळा तालुक्यातील जेऊरचे, रिंकू राजगुरू अकलूजची, आणि ‘सैराट’चे बरेचसे चित्रीकरण करमाळ्याच्या परिसरातले. २९ एप्रिल २०१६ रोजी चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा आमच्या शहरात तो जसा पाहिला गेला तसा पुण्या-मुंबईत पाहिला गेला असेल असे वाटत नाही. ओसाड माळ, केळीच्या बागा, उजनीच्या फुगवट्याचे पाणी, त्यातली वाळलेली झाडे हे सर्व आम्ही रेल्वेच्या खिडकीतून वर्षानुवर्षे पाहिलेले. उत्तरार्धात ही मुले हैदराबादला पळून जातात आणि पडद्यावर तेलुगू बोलली जाऊ लागते, तेव्हा इतर गावांतले प्रेक्षक गोंधळत असतील. सोलापुरात अर्धे प्रेक्षागृह पुढच्याला अर्थ सांगत होते.

चित्रपटात चार गाणी आहेत, अजय-अतुल यांची, आणि त्यांचा मोठा वाद्यवृंद हॉलिवूडमधील सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित झालेला आहे. यावर त्या वेळी काही जाणकारांनी नाके मुरडली. जेऊरच्या माळावर व्हायोलिनचा ताफा कशाला, असा त्यांचा प्रश्न. मला तो प्रश्न वरवरचा वाटला. परश्या हा पारधी समाजातील मच्छीमाराचा मुलगा, गावातल्या पाटलांच्या मुलीवर त्याचे मन जडले आहे. त्याच्या वयाची मुले प्रेम म्हणजे काय हे कोठे शिकतात? पडद्यावरून. ‘याड लागलं’मध्ये तो पाण्यातून पोहत, शेतांतून धावत सुटतो, तो त्याने पाहिलेल्या नायकांसारखा. ते व्हायोलिन माळावर वाजत नाही, त्याच्या डोक्यात वाजते. गाण्याचे चित्र तेवढा वेळ त्याच्या डोळ्यांनी पाहते आणि ते डोळे चित्रपटांवर पोसलेले आहेत.

येथे मंदगतीचे तंत्र समजून घ्यावे लागेल, कारण या गाण्यांचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. चित्रपट सेकंदाला चोवीस चौकटी या वेगाने दाखवला जातो. चित्रीकरण करताना सेकंदाला अठ्ठेचाळीस चौकटी टिपल्या आणि दाखवताना चोवीसच दाखवल्या, तर एका सेकंदाची धाव दोन सेकंद चालते. गायकाचे ओठ अशा दृश्यात जुळवायचे असतील तर चित्रीकरणस्थळी गाणे दुप्पट वेगाने वाजवावे लागते. नट घाईघाईने ओठ हलवतो आणि पडद्यावर ते संथ, स्वप्नाळू दिसते. ही झाली कारागिरी. तिचा उपयोग कशासाठी होतो, ते पाहणे अधिक महत्त्वाचे. साध्या म्युझिक व्हिडिओत मंदगती ही सजावट असते, केस उडतात, पदर उडतो. ‘सैराट’च्या पूर्वार्धात ती काळ लांबवते. ज्या मुलाजवळ फार काळ नाही त्याला तो वाढवून दिल्यासारखी ती वाटते, अर्थात हे दुसऱ्यांदा पाहताना कळते. छायालेखक सुधाकर रेड्डी यक्कंटी उंचावरून पाण्याचा, पक्ष्यांच्या थव्यांचा विस्तार दाखवतात, तेव्हा गाव अडवणारे दिसत नाही, सर्वत्र मोकळे आकाश दिसते. ही जागा आम्ही ओळखतो आणि ती एवढी मोकळी नाही हेही आम्हाला ठाऊक असते. तरी तेवढा वेळ आम्ही विश्वास ठेवतो.

‘आत्ताच बया का बावरलं’ हे गाणे आर्चीच्या बाजूचे. मराठी पडद्यावर मुलीला पाहणारी गाणी पुष्कळ आहेत. मुलगी पाहते आहे, तिची नजर कोणावर ठरते आहे हे दाखवणारी फार नाहीत. आर्ची ट्रॅक्टर चालवते, बुलेट चालवते, तिला घाबरणारे लोक आहेत. ही तिची मोकळीक तिच्या स्वभावाची आहे तितकीच तिच्या बापाच्या जमिनीची आहे. दिग्दर्शकाने हे गाण्यात सांगितलेले नाही आणि ते बरेच केले. ते आपल्याला पुढे हैदराबादच्या झोपडपट्टीत कळते, जेव्हा तीच मुलगी कोणाच्या तरी आसऱ्याने राहते, काम शोधते आणि घराच्या आठवणीने मोडून पडते.

एक तक्रार मात्र नोंदवून ठेवतो. तिसऱ्या गाण्यापर्यंत मंदगतीचा आणि क्रेनचा जरा अतिरेक होतो. पाण्याकाठी दोघे भेटतात, बसतात, परत भेटतात. कथा तसूभर पुढे जात नाही. सुमारे तीन तासांच्या चित्रपटात ही चैन परवडली, पण संकलकाची कात्री तेथे थोडी लाजली असे वाटते.

‘झिंगाट’ची गोष्ट वेगळी. मांडणीच्या दृष्टीने मी त्यास चित्रपटातील सर्वांत चलाख गाणे म्हणेन. आर्चीचा भाऊ प्रिन्स याचा वाढदिवस आहे. हा तोच प्रिन्स, ज्याने भर वर्गात शिक्षकाच्या थोबाडीत मारली आणि बापाने त्याचे कौतुकच केले. पाटलांच्या दारात सारे गाव नाचायला आले आहे. येथे मंदगती नाही. संकलन ठेक्यावर आहे, तुकडे छोटे आहेत, कॅमेरा गर्दीच्या आत शिरला आहे, दिव्यांची रोषणाई डोळ्यांवर येते. परश्या आणि आर्ची यांच्यामध्ये नाचणाऱ्यांचा घोळका आहे आणि त्या घोळक्यावरून दोघांच्या नजरा एकमेकांना शोधतात. अख्ख्या चित्रपटात गाव एकत्र येते ते या एकाच गाण्यात. जात, श्रीमंती, वय, सगळे ठेक्याखाली गेल्यासारखे दिसते. आणि त्याच रात्री, त्याच आवारात ते दोघे सापडतात. मारहाण सुरू होते. ज्या अंगणात नाच झाला तेच हे घर आहे, मारणारे हात थोड्या वेळापूर्वी टाळ्या वाजवत होते.

म्हणजे गाण्याचा आनंद खोटा होता असे नाही. तो सशर्त होता. नाचू देणे आणि आपले म्हणणे यांमध्ये जे अंतर आहे ते मोजण्यासाठी हे गाणे तेथे ठेवलेले आहे. ते मोजमाप गाण्यात नाही, गाण्यानंतरच्या दृश्यात आहे. गाणे एकटे उचलले की अंतर मोजणारी फूटपट्टी मागे राहते आणि हाती ठेका येतो. आमच्या त्या मंगल कार्यालयात तेच झाले होते.

यानंतर चित्रपटात एकही गाणे नाही. हा निर्णय मला चारही गाण्यांपेक्षा मोठा वाटतो. उत्तरार्धात कॅमेरा खाली उतरतो, पत्र्याच्या भिंतींमध्ये अडखळतो, आकाश दिसेनासे होते. छाया कदम यांनी रंगवलेली सुमनअक्का या मुलांना आधार देते, संसार रडतखडत उभा राहतो, मूल होते. आपल्याला वाटते, आता तरी एखादे गाणे येईल. चित्रपटाने पूर्वार्धात आपल्याला तशी सवय लावली आहे. ते येत नाही. माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात, चहा होतो. शेवटी शेजारणीबरोबर बाहेर गेलेले मूल परत येते आणि दारातून आत जाते, तेव्हा ध्वनीही काढून घेतलेला आहे. हॉलिवूडमधल्या वाद्यवृंदाने सुरू झालेला चित्रपट एका रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर येऊन थांबतो, आणि ते रडणे ऐकू येत नाही. मग रक्ताळलेली लहान पावले. त्या दिवशी प्रेक्षागृहातले दिवे लागल्यावरही लोक काही वेळ बसून होते. माझ्या मागच्या रांगेतील कोणीतरी ‘चला’ म्हणाले आणि तेही हळू आवाजात.

मंजुळे यांच्या आधीच्या ‘फँड्री’तही हे संगीताशी असलेले भांडण आहे, किंबहुना तेथे ते अधिक धारदार आहे. अजय-अतुल यांचे एक गाणे त्या चित्रपटाच्या नावाने गाजले, पण ते चित्रपटात नाहीच. ते प्रसिद्धीसाठी निराळे केलेले होते. गाण्यात जब्याच्या प्रेमाची उत्कटता आहे. चित्रपटात मात्र त्याच्या कुटुंबाला गावासमोर डुक्कर पकडावे लागते, आणि जब्या जिच्यावर जीव टाकतो ती मुलगी ते पाहत असते. डुक्कर हाताशी येते त्या क्षणी शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात. जब्या थबकतो, घरचे थबकतात, सगळे सावधान उभे राहतात आणि डुक्कर निघून जाते. गीत आणि दृश्य शेजारी ठेवून एवढे भाष्य करणारे दुसरे दृश्य मराठीत मला आठवत नाही. ‘मिले सूर’मध्ये स्वर सर्वांना जोडतो. येथे स्वर सर्वांना उभे करतो, आणि कोण कोठे उभा आहे ते दिसते. शेवटचा दगड जब्या सरळ आपल्याकडे भिरकावतो. ‘थ्रिलर’चा नायकही शेवटी आपल्याकडेच वळून पाहतो, तेव्हा आपण दचकतो आणि हसतो.

‘सैराट’चा पुढचा प्रवास सर्वज्ञात आहे. शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा तो पहिला मराठी चित्रपट ठरला, इतर भाषांत त्याच्या आवृत्त्या निघाल्या, आणि २०१८ च्या हिंदी ‘धडक’मध्ये ‘झिंगाट’ची चाल नव्या शब्दांसह उदयपूरला गेली. तेथे नाच अधिक सफाईदार आहे, कपडे उंची आहेत. पण मूळ गाण्यामागची जात पुसट झाली आहे आणि त्यामुळे गर्दीवरून जाणाऱ्या त्या दोन नजरांना ओलांडण्यासारखे काही उरलेले नाही. तेथे मुलगा आणि मुलगी एकमेकांकडे पाहतात, एवढेच. सालोमालोची आठवण झाली असे म्हटले तर तुलना कठोर होईल, कारण येथे चोरी नाही, रीतसर घेतलेली चाल आहे. तरीही आठवण झाली.

सुटी झालेली गाणी पुन्हा कथेत शिवून ठेवता येत नाहीत, आणि लग्नात ‘झिंगाट’ लावू नये असे सांगायला मी कोण? पण घरातल्या मुलांसोबत एक प्रयोग करून पाहिला आहे तो सांगतो. सुट्टीत आलेल्या नातवंडांना फोनवरचे ते गाणे आधी आवाज बंद करून दाखवले. ठेका गेल्यावर त्यांना गर्दी दिसू लागली. धाकटीने विचारले, हे दोघे एकमेकांजवळ का जात नाहीत? थोरल्याने, त्याचे वय चौदा, सांगितले की ते तिचे घर आहे. मग आम्ही चित्रपटातील ते दृश्य त्याच्या पुढच्या प्रसंगासह पाहिले. धाकटीला मी मध्येच बाहेर पाठवले.

त्या वृद्ध गृहस्थांची गाठ रविवारी मिस्सानंतर अधूनमधून पडते. त्यांनी ‘सैराट’ पाहिला आहे का, हे मी अजून विचारलेले नाही. परवा त्यांच्या मोबाइलवर कोणाचा तरी फोन आला आणि तीच धून वाजली. नातवाने लावून दिली आहे, म्हणाले. मुलाच्या मुलाने. दोनतीन ओळी वाजल्या, त्यांनी खिशातून चष्मा काढून पडद्यावरचे नाव पाहिले आणि फोन तसाच वाजू दिला.